देवाच्या हाती विसावलेला प्रवासी : संत जोसेफ वाझ

मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले. त्या वेळी येथून दक्षिणेस, गोव्याच्या साष्टी महालात, देवळाची फार ओढ असलेला एक तेरा वर्षांचा मुलगा विद्याभ्यास करीत होता. किल्ल्याची कीर्ती सांगावयास आमच्या लेखणीची गरज नाही. त्या मुलाने मात्र पुढे ना तट बांधला, ना गलबते हाकारली. आयुष्याची शेवटची चोवीस वर्षे त्याने परमुलखात, बहुतेक काळ अनवाणी, कधी भिकाऱ्याच्या तर कधी मजुराच्या वेषात हिंडून काढली. ज्याला रात्री कोठे निजावयाचे हे सकाळी ठाऊक नसे, अशा ह्या मनुष्याच्या अंतःकरणात जी स्वस्थता होती ती पक्क्या घरात, भरल्या कणगीशेजारी निजणाऱ्या आपणांपैकी किती जणांस लाभते, हा प्रश्न त्याचे चरित्र वाचताना वारंवार पुढे उभा राहतो. ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेत त्याची हकिकत सांगावी असे वाटले ते ह्याच कारणाने. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांची मुळे गोव्याच्या गावांत आहेत. तेव्हा हा परका कोणी नव्हे, आपल्याच मातीचा आणि आपल्याच दर्याकाठचा पुरुष होय.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया दे मिरांदा बाणावलीची. आठव्या दिवशी बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ताच्या देवळात बालकाचा बाप्तिस्मा झाला. घराणे ब्राह्मण ख्रिस्ती, प्रतिष्ठित व श्रद्धाळू होते. सांकवाळ येथे पोर्तुगीज, बाणावलीस लॅटिन, मग गोवा शहरात जेझुइटांच्या संत पाउल कॉलेजात साहित्य व डोमिनिकनांच्या संत थॉमस अक्वायनस कॉलेजात तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र, असा त्यांचा अभ्यासक्रम झाला. १६७६ साली आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव ह्यांच्या हस्ते त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पायांतील जोडे टाकले आणि गरिबांप्रमाणे अनवाणी चालण्यास आरंभ केला. प्रवचनकार व पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून त्यांचा लौकिक झाला. सांकवाळास त्यांनी एक लॅटिन शाळाही काढली.

येथपर्यंतचे चरित्र त्या काळच्या कोणाही होतकरू गोमंतकीय धर्मगुरूचे असावे तसेच आहे. परंतु दीक्षेनंतर एका वर्षाने, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. सांकवाळच्या आरोग्यमातेच्या देवळात त्यांनी स्वतःच्या हाताने एक दस्तऐवज लिहिला व त्याने स्वतःला देवमातेचा कायमचा गुलाम म्हणून अर्पण केले. आजच्या वाचकास हा शब्द कानाला कठोर लागेल. तथापि त्या काळी गोव्याच्या बाजारात माणसे खरोखरच विकली जात असत. गुलाम म्हणजे काय हे जोसेफ वाझ प्रत्यक्ष पाहत होते. गुलामाला स्वतःची मालमत्ता नसते, स्वतःचा उद्याचा बेत नसतो. जे काही त्याचे बरेवाईट व्हावयाचे ते धन्याच्या हाती. जगातील धनी निष्ठुर असतो म्हणून ती अवस्था भयंकर होते. परंतु धनी जर आईसारखा असेल तर? सव्विसाव्या वर्षी ह्या तरुणाने स्वतःवरील मालकी सोडून दिली. पुढील चौतीस वर्षांत त्यांच्या वाट्यास जे जे आले त्याचा उलगडा ह्या एका कागदावरून होतो असे आम्हांस वाटते. ज्याने उद्याचा हिशेब दुसऱ्याच्या हवाली केला आहे त्याला रात्री तो मांडीत बसावे लागत नाही.

ह्या समर्पणाची पहिली कसोटी मोठी साधी होती. तिचे नाव वाट पाहणे. सिंहलद्वीपातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कॅथलिकांची दुर्दशा त्यांच्या कानी आली होती. डच ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीजांकडून १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना घेतले होते. कॅल्विनपंथी डचांनी कॅथलिक धर्मगुरूंस देशाबाहेर घालविले, देवळे आपल्या पंथाकडे घेतली, आणि धर्मगुरूस आसरा देणाऱ्यास जबर शिक्षा, प्रसंगी देहान्तही, ठरविली. जवळजवळ तीस वर्षे तेथील श्रद्धावंत लोक मिस्सेवाचून, पापनिवेदनावाचून, मरताना तैलाभ्यंगावाचून राहिले. तिकडे जाण्याची परवानगी जोसेफ वाझ ह्यांनी मागितली. वरिष्ठांनी त्यांस १६८१ साली कानडा प्रांती पाठविले.

त्यांनी कुरकूर केली नाही, आणि कानडा प्रांतातील काम काही हलके नव्हते. तेथे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील गोव्याची धर्मसत्ता आणि रोमहून नेमले गेलेले विकार अपोस्तोलिक बिशप थॉमस दे कास्त्रो ह्यांच्यात अधिकाराचा वाद माजला होता. विशेष हे की दे कास्त्रो हेही गोव्याचेच, दिवाडीचे. कोणाच्या हातचा साक्रामेंत ग्राह्य, कोणाच्या हातचा अग्राह्य, ह्या भांडणात भोळी माणसे भांबावून गेली होती. घरात दोन वडीलधारी भांडू लागली म्हणजे मुलांची जी अवस्था होते तीच ती. जोसेफ वाझ गोव्याच्या बाजूने नेमले गेलेले होते. तरी त्यांनी बिशपांचा मान राखला, तंट्याला तेल घातले नाही, आणि मंगळूर, बारकूर, बसरूर, कल्याणपूर, गंगोळी ह्या भागांत पायी हिंडून तुटलेली मने सांधीत राहिले. देवळे उभारली, लहान शाळा काढल्या. १६८४ साली ते गोव्यास परत आले. मधल्या काळात, १६८३ च्या अखेरीस, संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी व बार्देशात उतरल्या होत्या आणि त्यांचा स्वतःचा मुलूख युद्धाने हादरून गेला होता.

परत आल्यावर जुन्या गोव्यात चमत्कारी क्रुसाच्या देवळापाशी काही देशी धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थना व सेवा करू लागले होते. जोसेफ वाझ त्यांस मिळाले. २५ सप्टेंबर १६८५ रोजी ह्या मंडळास रीतसर स्वरूप आले व त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. पुढे त्यांनी संत फिलिप नेरी ह्यांच्या ऑरेटरीचे नियम स्वीकारले. युरोपीय संघ त्या काळी हिंदी माणसास आपल्यात सहसा घेत नसत, म्हणून देशी धर्मगुरूंचा हा स्वतःचा संघ उभा राहिला ही मोठी गोष्ट होती. सत्याला स्मरून हेही सांगितले पाहिजे की ह्या संघाचे दार केवळ ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यांतील धर्मगुरूंस उघडे होते. युरोपियनाने आपल्याला दारात अडविले ह्याचे दुःख ज्यांना कळत होते त्यांनीच आपल्या दारी दुसऱ्या भावास अडवावे, हा त्या काळाचा दोष खरा. पण काळावर ढकलून तो पुसला जात नाही.

आणि ह्याच ठिकाणी एका माणसाची आठवण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. १६८६ साली जोसेफ वाझ गोव्याहून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर जुआंव नावाचा घरचा विश्वासू गडी होता. पोथ्यांत त्याच्याविषयी फार थोडे लिहिले आहे. परंतु वादळात, आजारात, तुरुंगात तो धन्याच्या शेजारी आढळतो. मिस्सेच्या वेळी लॅटिन भाषेत द्यावयाची उत्तरे त्याला पाठ होती. ओरात उभे राहून ती देणारे त्या बेटावर दुसरे कोण होते? संघाच्या वहीत ज्याचे नाव चढू शकत नव्हते, त्याच्यावाचून संघाच्या सर्वांत मोठ्या पुरुषाची मिस्सा पुरी होत नव्हती.

पायी चालत, कधी गलबताने, मलबारच्या किनाऱ्याने दोघे दक्षिणेस गेले आणि तुतिकोरीनला पोचले. धर्मगुरूचा झगा गाठोड्यात गेला होता. उघडपणे जाणे म्हणजे बंदरावरच धरले जाणे. गरीब मजुराच्या वेषात, मिस्सेचे सामान दडवून, १६८७ च्या वसंतात ते एका तारवात बसले.  अनुकूल वाऱ्यावर ती मजल मोठी नव्हे. पण वारा फिरला, तारू भरकटले, अन्नपाणी संपले. आपल्याकडे मच्छीमारांच्या घरी हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. वारा मनुष्याचे ऐकत नाही आणि अशा वेळी खलाशाच्या हातात वल्ह्याव्यतिरिक्त काहीच उरत नाही. किनाऱ्यावर उभी असलेली बाई जे करते तेच तारवातला मनुष्य करतो: देवाचे नाव घेतो आणि वाट पाहतो. भुकेने व तहानेने अर्धमेले होऊन ते अखेर सिंहलद्वीपास लागले आणि जाफन्यास पोचले.

तेथे पोचताच जोसेफ वाझ ह्यांस आमांशाचा भयंकर विकार जडला. जो मनुष्य एका संघाचे प्रमुखपद सोडून हजारो आत्म्यांच्या सेवेस आला होता, तो एक निनावी भिकारी होऊन पडला. दुखणे इतरांस लागेल ह्या भीतीने लोकांनी त्यांस वस्तीपासून दूर केले. जुआंवही आजारी पडला. काही दयाळू बायका रोज थोडी पेज आणून देत, तेवढ्यावर दोघांचे प्राण तगले.

चरित्रकार हा प्रसंग थोडक्यात आटोपतात, कारण पुढे मोठमोठ्या गोष्टी घडावयाच्या असतात. आम्हांस मात्र येथेच थांबावेसे वाटते. देवाच्या काळजीवर विसंबून राहणे हे बोलावयास सोपे. परंतु ती काळजी बहुधा आपल्या अपेक्षेच्या रूपात येत नाही. जोसेफ वाझ ह्यांनी दूताची वाट पाहिली असती तर तो आला नसता. आली ती पेजेची वाटी, आणि ती आणणाऱ्या बायकांना आपण कोणाचा जीव वाचवीत आहो ह्याची कल्पनाही नव्हती. आपल्या घरी तापाने पडलेल्या माणसाच्या उशाशी उकड्या तांदळाची पेज आणून ठेवणारी आई किंवा शेजारीण ह्याच बायकांच्या कुळीची होय.

अंगात थोडे बळ येताच प्रश्न उभा राहिला: कॅथलिक ओळखावे कसे? कोणास विचारावे तर तो डचांचा हेर निघावयाचा. तेव्हा त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागावयास सुरुवात केली. तोंडाने काही सांगावयाचे नाही. भिकाऱ्याच्या गळ्यातील माळेकडे कोणाची दृष्टी खिळते आणि ती कशी बदलते एवढेच पाहावयाचे. पुष्कळांनी माळ पाहिली आणि भीक घातली किंवा हाकलून दिले. शेवटी एका घरी ती माळ ओळखली गेली. मग अगदी सावधपणे बोलणे झाले आणि तीस वर्षांची तहान असलेल्या त्या लोकांना कळले की हा भिकारी धर्मगुरू आहे. जवळच्या सिल्लालै नावाच्या गावी, जेथे कॅथलिकांची दाट वस्ती होती, त्यांची राहण्याची व्यवस्था झाली. रात्री मिस्सा, रात्रीच बाप्तिस्मे, रात्रीच लग्ने लावावयाची, आणि उजाडण्यापूर्वी दुसऱ्या घरी जावयाचे, असा क्रम सुरू झाला.

ह्या तीस वर्षांत त्या लोकांनी आपला विश्वास कसा टिकविला असेल, ह्याची कल्पना करणे आपल्याकडील माणसास जड नाही. कोंकणातील कितीतरी वाड्यांवर पूर्वी धर्मगुरू क्वचितच येई. वाटेवरचा क्रूस, त्यापुढे लावलेली मेणबत्ती, गावकऱ्यांनी म्हटलेली लादाईन आणि संध्याकाळी घरातील सर्वांत वडील मनुष्याने सांगितलेली जपमाळ, एवढ्यावर पिढ्या निभावल्या. सिंहलद्वीपातही घरोघरच्या प्रार्थनेने हेच केले. जोसेफ वाझ ह्यांनी त्या घरगुती भक्तीस व्यवस्था दिली. प्रत्येक गावी एक जबाबदार गृहस्थ मुखिया म्हणून आणि एक प्रार्थना सांगणारा व मुलांस शिकविणारा म्हणून नेमला. तिकडे त्यांस मुप्पू व अण्णावी म्हणतात. धर्मगुरू पुढच्या गावी गेला तरी मागे दिवा विझू नये, अशी ही योजना होती.

परंतु अशा गोष्टी फार काळ लपत नाहीत. १६८९ साली नाताळच्या आदल्या रात्री डच कमांडर फ्लोरिस ब्लोम ह्याच्या हुकमाने जाफन्यात जमलेल्या कॅथलिकांवर छापा पडला. धर्मगुरू हाती लागले नाहीत. लोक मात्र सापडले. त्यांतील प्रमुखांस जबर फटके मारण्यात आले, बेड्या घालण्यात आल्या. एकाचा त्या मारानेच अंत झाला.

त्या रात्रीनंतर जोसेफ वाझ ह्यांच्या मनाची स्थिती काय झाली असेल? स्वतःवरील संकट शांतपणे सोसणे एक. आपल्यामुळे दुसऱ्याच्या पाठीची चामडी लोंबावी आणि आपण सुरक्षित असावे, हे सोसणे अगदी निराळे. ज्या पुस्तकांत संतांच्या मनात अशा वेळीही केवळ आनंद भरलेला दाखवितात ती आम्हांस पटत नाहीत. शांती म्हणजे वेदना नसणे असा जर अर्थ असेल तर दगडास सर्वांत अधिक शांती आहे असे म्हणावे लागेल. जोसेफ वाझ दगड नव्हते. त्यांनी केले ते एवढेच: १६९० साली जाफना सोडून ते डचांच्या अमलाबाहेर, कँडीच्या राजाच्या मुलखात, पुत्तलम येथे गेले, आणि तेथून काम चालू ठेवले. ज्यांना फटके बसले त्यांना ते विसरले नाहीत. पुढेही वेषांतर करून डचांच्या मुलखातील गावांत ते येतजात राहिले.

१६९२ साली ते राजधानी कँडीकडे निघाले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य बौद्धधर्मी होता, आणि पूर्वीच्या पोर्तुगीज युद्धांमुळे त्या दरबारी पोर्तुगीज नावाचा संशय फार. दरबारात लानरोल नावाचा एक फ्रेंच कॅल्विनपंथी होता. त्याने येणारे पाहुणे पोर्तुगीजांचे हेर असल्याचे राजाच्या कानी घातले. जोसेफ वाझ व जुआंव ह्यांस बेड्या पडल्या.

ज्या मनुष्याला हजारो माणसांकडे जावयाचे होते त्याला देवाने एका खोलीत बसवून ठेवले. कामाची आवड असणाऱ्यास ह्याहून मोठी शिक्षा नाही. आपल्यापैकी कित्येकांस ती ठाऊक आहे: ऐन हंगामात पाय मोडून पडलेला तांडेल, पेरणीच्या दिवसांत खाटेवर खिळलेला शेतकरी, मुंबईस नोकरीवर असताना काम सुटलेला घरधनी. बाहेर जग चाललेले असते आणि आपण भिंतीकडे पाहत पडलेले असतो. जोसेफ वाझ ह्यांनी तुरुंगात काय केले? ते सिंहली भाषा शिकले. ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हटली. पहारा सैल झाला तेव्हा आवारातच एक लहानशी खोपटी उभारून तिचे प्रार्थनामंदिर केले. हळूहळू नगरातील कॅथलिक, ज्यांनी वर्षानुवर्षे धर्मगुरू पाहिला नव्हता, बंदिवानाच्या भेटीच्या निमित्ताने येऊ लागले. राजानेही पाहिले की हा हेर कोणाशी कारस्थान करीत नाही. पहाटे उठतो, गुडघे टेकतो, आणि भेटेल त्याच्याशी गोड बोलतो.

१६९३ च्या अवर्षणाची कथा सर्वत्र प्रसिद्ध आहे. पाऊस पडेना, पिके करपली, बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थना होऊनही आभाळ कोरडेच राहिले, तेव्हा राजाने ह्या बंदिवानास प्रार्थना करावयास सांगितले. नगराच्या चौकात वेदी मांडून, क्रूस ठेवून, ते गुडघे टेकून बसले. मुसळधार पाऊस पडला आणि वेदीभोवतालची जागा मात्र कोरडी राहिली, असे परंपरा सांगते. ह्यानंतर राजाने त्यांस आपल्या राज्यात धर्मप्रचाराची मोकळीक दिली. भाविकांनी ही कथा आवडीने सांगावी हे योग्यच. आमचे वैयक्तिक मत विचाराल तर पावसाआधीचे ते बंदिवासाचे दिवस आम्हांस अधिक मोठे वाटतात. पाऊस एका दिवसाचा; कोरड्या आभाळाखाली रोज तीच प्रार्थना म्हणत राहणे पुष्कळ दिवसांचे.

इकडे गोव्याहून मदत येण्यास १६९६ साल उजाडले. तोपर्यंत जवळजवळ नऊ वर्षे ह्या बेटावर ते एकटे धर्मगुरू होते. मग जोसे दे मेनेझिस, जोसे कार्व्हाल्यो व पेद्रो फेर्रांव हे ऑरेटरीचे धर्मगुरू आले. त्यांतील कार्व्हाल्यो हे त्यांचे भाचे. कोचीनच्या बिशपांनी जोसेफ वाझ ह्यांस सिंहलद्वीपाचे विकार जनरल नेमले. नेमणुकीने चालण्यात फरक पडला नाही. पाय अनवाणीच राहिले.

१६९७ साली कँडीत देवीची साथ उसळली. देवीचे नाव काढताच त्या काळी माणसे घरदार सोडून पळत, आणि कँडीतही तसेच झाले. राजा दरबारासह दूर गेला, ऐपतीचे लोक त्याच्यामागे गेले. रोग्यांना रानात नेऊन सोडण्यात येऊ लागले. आई मुलास आणि मुलगा बापास टाकून गेला. जोसेफ वाझ व कार्व्हाल्यो मागे राहिले. टाकलेल्या माणसांसाठी त्यांनी झोपड्या उभारल्या, ओस पडलेली घरे रोग्यांसाठी मिळविली, त्यांच्या जखमा धुतल्या, अन्न शिजवून घातले, मेलेल्यांसाठी खड्डे खणून त्यांस पुरले. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती हे कोणी विचारले नाही. साथ कित्येक महिने चालली. रोज सकाळी उठून त्याच दुर्गंधीत जावयाचे, आणि आज आपल्या अंगावर फोड उठला नाही एवढे पाहून उद्या पुन्हा जावयाचे.

देवाच्या ठायी विसावा ह्या शब्दांचा अर्थ आपण बहुधा शांत संध्याकाळ, मंद दिवा, घरच्या सर्वांची प्रार्थना असा घेतो, आणि तो खोटा नाही. परंतु कँडीच्या त्या झोपड्यांत जो विसावा होता तो निराळ्या जातीचा होता. हात कामात बुडालेले, पाय थकलेले, नाकाशी मरण. आणि आत मात्र आपले काय होईल ह्या विचाराची वळवळ थांबलेली. ही वळवळ ज्याची थांबली आहे त्याच्याच हातून आजाऱ्याची सेवा नीट होते. ज्याला सारखी स्वतःची नाडी पाहावी लागते तो दुसऱ्याची नाडी कशी पाहणार? राजा परतला तेव्हा त्याने ह्या दोघांच्या सेवेचा मोठा गौरव केला, आणि राजाच्या मनातील संशयाचे शेवटचे किटाळ ह्या साथीने धुऊन निघाले.

ह्यापुढील तेरा वर्षांचा तपशील देण्याचे प्रयोजन नाही. ती चालण्यात गेली. कँडी, पुत्तलम, मन्नार, जाफना, कोलंबो, नेगोंबो, पुन्हा कँडी. डचांच्या मुलखात रात्री आणि वेष पालटून, राजाच्या मुलखात उघड. त्यांस बिशप करण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी ती विनयाने नाकारली. १७०५ साली दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस येऊन मिळाले. त्यांनी सिंहली व तामीळ भाषांत इतके ग्रंथ लिहिले की सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. कार्य एका माणसावर अवलंबून राहू नये अशी व्यवस्था झाली, आणि ही व्यवस्था पाहून जोसेफ वाझ मनातून निश्चिंत झाले असावेत. त्यांनी गोव्यास धाडलेली काही पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत कामाची माहिती आहे, सहकाऱ्यांची विचारपूस आहे, मदतीची मागणी आहे. स्वतःच्या हालांचे रडगाणे नाही.

१७१० साली प्रकृती ढासळली. वय एकोणसाठ; पण शरीर ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासारखे झिजलेले. प्रवासात आजारी पडले तेव्हा त्यांस कँडीस आणण्यात आले. तेथे सहकाऱ्यांच्या सान्निध्यात, अखेरचे साक्रामेंत घेऊन, १६ जानेवारी १७११ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या नगरात बेड्या घालून आणले गेले त्याच नगराने त्यांच्यासाठी शोक केला. ते आले तेव्हा त्या बेटावर एकही कॅथलिक धर्मगुरू नव्हता. ते गेले तेव्हा लहानमोठी शेकडो प्रार्थनामंदिरे आणि सुमारे सत्तर हजार श्रद्धावंत होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

कँडीच्या देवळात त्यांस पुरले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास तेथील राजाश्रय सुटला, देवळाचा नाश झाला, आणि कबरीची जागाही लोकांच्या स्मरणातून गेली. गोव्यातील ऑरेटरीचे एक धर्मगुरू सेबास्तियांव दो रेगो ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. ते १७४५ साली लिस्बन येथे छापले गेले. पोर्तुगीज सरकारने १८३५ साली गोव्यातील धर्मसंघ मोडले तेव्हा ऑरेटरीही बंद पडली. ज्या सांकवाळच्या देवळात त्यांनी दास्यपत्र लिहिले ते १८३४ साली आगीत जळाले. त्याची दर्शनी भिंत तेवढी आजही उभी आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांस धन्य घोषित केले, आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरात, समुद्राकाठच्या गॉल फेस मैदानावर, अफाट जनसमुदायासमोर त्यांस संतपद दिले. श्रीलंकेचे ते पहिले संत होत.

सांकवाळास त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे. दरवर्षी जानेवारीत तेथे नोव्हेना होते, आणि १६ तारखेस सणाची मिस्सा असते. सिंधुदुर्गातून जावयाचे तर सावंतवाडीहून बांद्यावरून पत्रादेवी, तेथून म्हापसा, मांडवी आणि जुवारी ओलांडली की सांकवाळ येते. सकाळी लवकर निघालेला माणूस मिस्सेस पोचून संध्याकाळच्या जपमाळेस घरी परत येऊ शकतो.